मुखवटा, मुखशिल्प की कीर्तिमुख?

मूळ प्रश्न: इटलीतील वेई येथे एट्रुस्कन या प्राचीन लोकांच्या मंदिराच्या वळचणीला, कौलांच्या ओळींची उघडी तोंडे झाकण्यासाठी, इ. स. पू. 510 च्या सुमारास भाजक्या मातीचे रंगीत गॉर्गन-चेहरे (गॉर्गन म्हणजे ग्रीक पुराणातली, केसांच्या जागी साप असलेली राक्षसी) बसवले होते. ते आज रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना मी ‘मातीचा मुखवटा’ म्हटले. संपादकांनी ‘चिनीमातीचे मुखशिल्प’ केले, कारण जो तोंडावर चढवता येत नाही तो मुखवटा नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. हे मान्य करावे का?

प्रतिसाद 1: मुळीच करू नये. माझी आजी दर भाद्रपदात गौरींचे पितळी मुखवटे चिंचेने उजळायची आणि उतरंडीवर ठेवायची. ते कोणी तोंडाला बांधले नाहीत. पण ‘माळ्यावरून मुखशिल्पे काढ गं’ असे ती म्हणाल्याची कल्पनाही करवत नाही.

प्रतिसाद 2: गौरीचा मुखवटा निदान तिच्या तोंडाच्या जागी बसतो. कौलाला कुठले तोंड?

प्रतिसाद 1: ते प्रश्नातच लिहिले आहे.

प्रतिसाद 3: आपल्या देवळांवरच्या राक्षसमुखाला ‘कीर्तिमुख’ हा तयार शब्द असताना एवढी ओढाताण कशासाठी? दोघांनाही धड नाही, दोघेही डोळे वटारून देवळाची राखण करतात.

प्रतिसाद 4: साम्य आहे, गोष्ट वेगळी आहे. कीर्तिमुखाने शिवाच्या आज्ञेने स्वतःचेच शरीर खाल्ले. मेडुसा या गॉर्गनचे शिर पर्सियस या ग्रीक वीराने कापले आणि ते अथीना देवीच्या ढालीवर गेले. एकाचे नाव दुसऱ्याला दिले, तर वाचक भलत्याच पुराणात शिरेल. जाता जाता, ‘मुखवटा’ हा ‘मुखपट्ट’वरून आला असावा असे मला वाटते, म्हणजे मूळ अर्थ झाकण्याचाच.

प्रतिसाद 2: म्हणजे मग चढवण्याचाच! जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाडा उत्सवात मुखवटा बांधून नाचणाऱ्याला सोंग म्हणतात. आत माणूस नसेल तर सोंग उभे राहत नाही.

प्रतिसाद 5: सिसिलीजवळच्या लिपारी बेटावरील थडग्यांत ग्रीक नाटकांतील पात्रांचे मातीचे मुखवटे मिळाले आहेत, तेही इतके लहान की मुलाच्याही तोंडावर बसणार नाहीत. नट घालत ते मुखवटे कापडासारख्या नाशिवंत वस्तूंचे होते, म्हणून उरले नाहीत; उरले ते मुखवट्यांचे मुखवटे. त्यांना संपादक काय म्हणतील?

प्रतिसाद 6: आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात, त्यामुळे मुखवट्याच्या वादात मी पडत नाही. परंतु लोहामुळे लाल भाजणाऱ्या साध्या मातीला ‘चिनीमाती’ कोणी केले, हे आधी विचारा. ती पांढरी असते आणि कपबशीत शोभते.