बाबांना काही 'सांगायला नको' की 'सांगायचं नाही'?

उंबरठा: एका स्पॅनिश कथेचा अनुवाद करतेय. आई मुलाला म्हणते, "नो आय के देसिर्ले नादा आ तु पाद्रे." 'आय के' म्हणजे कर्ता न सांगता 'केलं पाहिजे'. नकार लागला की मात्र दोन अर्थ निघतात: बाबांना सांगायची गरज नाही, किंवा अजिबात सांगायचं नाही. आईला नेमकं काय म्हणायचंय ते कथेत मुद्दाम मोघम ठेवलंय. मी "बाबांना काही सांगायला नको" असं लिहिलं. संपादकांनी "सांगायचं नाही" केलं. काय ठेवू?

काळा_कातळ: 'सांगायला नको'च ठेवा. त्यात गरज नाही हेही येतं आणि दटावणीही. 'सांगायचं नाही' म्हणजे सरळ हुकूम झाला.

शेवंती: मुळात 'तेनेर के', 'देबेर', 'आय के' या तिन्हींना आपण सरसकट 'पाहिजे' लावतो, तिथेच घोळ होतो. 'तेनेर के' म्हणजे परिस्थितीने आलेलं: जावं लागतं. 'देबेर' म्हणजे कर्तव्य: जायला हवं. सल्ला द्यायचा तर 'देबेरियास' असं मऊ रूप. आणि स्पेनमधली मैत्रीण "तिएनेस के प्रोबार्लो" म्हणाली तर ते "तुला खावं लागेल" नव्हे हो, "खाऊनच बघ"!

जुना_पुणेकर: 'देबेर' आणि आपलं 'देणं' एकच असणार. "क्वान्तो ले देबो?" म्हणजे "किती देणं झालं?" आवाजसुद्धा सारखा.

काळा_कातळ: आवाजावर जाऊ नका. लॅटिन 'देबेरे' हे 'दे' अधिक 'आबेरे', म्हणजे जवळ बाळगणे, यातून आलंय. 'दा' धातूचा संबंध नाही.

जुना_पुणेकर: व्युत्पत्ती राहू द्या, पण मराठीत "मी तुमचे पैसे देणं लागतो" आणि "मला जावं लागतं" यांत एकच 'लागणे' आहे ना? स्पॅनिशमध्येही ऋण आणि कर्तव्य एकाच क्रियापदात.

शेवंती: हे मात्र झकास.

शुद्धमती: 'पाहिजे'वरून आठवलं. हल्ली सर्रास "तू जायला पाहिजे" ऐकू येतं. "तू जायला पाहिजेस" हवं. 'पाहिजे' हे 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप, 'कीजे', 'बोलिजे'सारखं. ते असं वाटेल तसं वापरू नये.

वऱ्हाडी_ठेचा: कर्मणी रूपाला 'स' लावलेला चालतो, न लावलेला चालत नाही, हे कोणतं शुद्धत्व? आमच्याकडं "मले जा लागते" म्हणतात, कोणाचं काही अडत नाही.

शुद्धमती: बोली वेगळी, लेखन वेगळं. स्पॅनिश लोकही याबाबत काटेकोर असतात. 'देबेर' म्हणजे कर्तव्य, 'देबेर दे' म्हणजे अंदाज: "देबे दे एस्तार एन कासा", घरी असेल.

शेवंती: निम्मंच खरं. अंदाजासाठी नुसता 'देबेर' त्यांची भाषा-अकादमीही चालवून घेते. कर्तव्यासाठी 'देबेर दे' तेवढं टाळा म्हणते, आणि तरीही लोक बोलतातच. आपण तरी काय करतो? "त्याने अभ्यास करायला हवा" हे कर्तव्य, "तो एव्हाना पोहोचायला हवा" हा अंदाज.

शुद्धमती: दुसरं वाक्य मी "पोहोचला असेल" असं लिहीन.

काळा_कातळ: पण त्यात घड्याळाकडे बघणं येत नाही.

उंबरठा: मंडळी, आईचं काय करू? शुक्रवारपर्यंत प्रत पाठवायची आहे.

शेवंती: 'यो के तू', म्हणजे तुझ्या जागी मी असते तर, 'सांगायला नको' ठेवून संपादकांना एक टीप लिहिली असती.

शुद्धमती: 'सांगावयास नको' लिहा.

वऱ्हाडी_ठेचा: कोणती आई असं बोलते?

जुना_पुणेकर: "पाठवायची आहे" हे तर थेट स्पॅनिशमधलं 'आबेर दे', म्हणजे 'करायचं असणे'! मेक्सिकोत म्हणे त्यानेच अंदाजही बांधतात, "आ दे एस्तार दोर्मिदो", झोपला असणार. आता हे 'असणार' भविष्यकाळ की अंदाज? यावर वेगळा धागा काढतो.