काच-स्पंजांभोवती राखीव पट्टा कशाला?

सागरतळ: कॅनडाच्या हेकेट सामुद्रधुनीतल्या काच-स्पंजांच्या (तळाला चिकटून राहणारे, काचेसारख्या सांगाड्याचे समुद्री प्राणी) खडकांवर तळाशी ट्रॉल (बोटीमागून ओढायचं मासेमारीचं जाळं) ओढणं 2002 मध्येच थांबलं. मग 2017 मध्ये भोवतालचा पट्टाही संरक्षित का केला?

निवळी: गाळामुळे. जाळं शेजारून गेलं तरी उडालेला गाळ प्रवाहाबरोबर स्पंजांवर येतो. त्यांच्या अंगभर विजेचा संकेत पसरतो आणि पाणी खेचणं थांबतं. खाणं, श्वास दोन्ही त्या पाण्यावरच! वारंवार झालं तर उपासमार होते.

खाडीकाठ: शिवाय सांगाडा सिलिकाचा, म्हणजे काच ज्याची बनते त्याचा, ठिसूळ. मेलेल्या सांगाड्यांवर नवे स्पंज चढत सुमारे 9,000 वर्षांत हे खडक उभे राहिलेत. बोटींचे नांगर आणि कोळंबी पकडायचे पिंजरेही लांबच हवेत.

निवळी: हो, पिंजऱ्यांची माळ वर ओढताना तळावर घासते, तेव्हाच मोडतोड होते.