मांसासाठीचे गोऱ्हे खच्ची करावेत का? आणि कधी?

नमस्कार मंडळी, यंदा ९ गोऱ्हे झालेत, सगळे मांसासाठीच वाढवायचेत. थोरला ४ महिन्यांचा, धाकटा कालच झालाय. कोणी म्हणतं खच्ची केलं की वाढ मार खाते, कोणी म्हणतं आत्ताच उरकून टाक. कालवडीपण याच कळपात आहेत. काय करू?

प्रतिसाद १
भाऊ, वाढीचं खरंय, खच्ची न केलेला गोऱ्हा त्याच खुराकावर वजन लवकर धरतो आणि चरबीही कमी. पण त्याचा फायदा भरपूर खुराक देऊन १२-१५ महिन्यांत विकणार असाल तरच. नुसतं चरायला सोडून दोन वर्षं सांभाळणार असाल तर मारामाऱ्या, कुंपणं मोडणं, सगळं आलं. शिवाय कालवडी सोबत आहेत ना, मग मी तरी खच्चीच करा म्हणेन. काही गोऱ्हे ७-८ महिन्यांतच कालवड गाभण करतात. आमची एक अशीच कोवळी कालवड विताना अडली, रात्रभर तिच्यापाशी बसून होतो, वासरू गेलंच.

प्रतिसाद २
करायचंच तर लहानपणीच, जितकं वय जास्त तितका त्रास जास्त. कालच्याला चीक पोटभर पिऊ द्या, मग आठवड्याच्या आत पिशवीच्या वरच्या बाजूला घट्ट रबरी रिंग, म्हणजे खालचा रक्तपुरवठा बंद. रिंग सोडायच्या आधी पिशवी बोटांनी चाचपा, दोन्ही गोळ्या खाली लागल्याच पाहिजेत! एकच लागली तर थांबा, दुसरी वर राहिली तर तो वळूसारखाच वागणार.
मोठ्यांना बर्डिझो चिमटा, पण डॉक्टरांकडूनच. एकेका बाजूची नस वेगळी दाबायची आणि दोन्ही दाब एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर रक्तपुरवठा तुटून पिशवी सडते. भूल आणि मेलोक्सिकॅम (दुखण्यावरचं औषध) मागून घ्या, मुक्या जिवाला दुखतंच हो. रिंगवाल्यांसाठी धनुर्वाताचंही विचारा.

धागाकर्ता
खूप आभार. पुढच्या महिन्यात मोठ्यांचं दूध तोडणार होतो, तेव्हाच एकदम करू का?

प्रतिसाद २
अजिबात नको, आईपासून तुटलेलं वासरू आधीच हंबरून हंबरून अर्धं झालेलं असतं. दोन्हीत २-३ आठवडे तरी जाऊ द्या. माश्यांचे दिवसही टाळा. आणि चिमट्यानंतर ५-६ आठवड्यांनी परत चाचपा, गोळी आक्रसली नसेल तर नस सुटलीय.

धागाकर्ता
मग धाकट्याला परवा रिंग, मोठ्यांसाठी डॉक्टरांना फोन करतो, दूध तोडणं पुढे ढकललं.