टोपणनाव हा पळपुटेपणा नाही

विकिपीडियावर लिहिणाऱ्यांनी खरं नाव लावायलाच हवं, हे काहींचं मत मला अजिबात पटत नाही. २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनवर केलेल्या बदनामीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने विकिपीडियाच्या तीन संपादकांची माहिती देण्याचा आदेश दिला. ही पदरमोड करून, रात्री जागून लिहिणारी माणसं. पाठीशी ना पगार, ना वकील. त्यांनी नाव झाकलं तर बिघडलं कुठे?

नव्यांना एक कळकळीने सांगते. चुकून फोन नंबर किंवा पत्ता लिहिला गेला, तर नुसता खोडून भागत नाही. पानाच्या इतिहासात जुनी आवृत्ती कुणालाही दिसते. ती झाकण्याचा अधिकार मोजक्या सदस्यांना असतो. त्यांना खासगीत ईमेल करा. चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या चर्चेच्या पानावर, विचारलंत तर उलट सगळ्यांचं लक्ष तिकडेच जाईल.

विकिमीडिया फाउंडेशनची सार्वत्रिक आचारसंहिता २०२१ पासून आहे, पण धमकी आलेल्या माणसाला आधी ‘मी आहे, बोल’ म्हणणारं कुणीतरी लागतं. आपल्या मराठी विकिपीडियाच्या गटात अशा दोघातिघांनी पुढे यावं. मी तयार आहे.