अनुभव धागा: बुजऱ्या मांजराला घर मिळवून देताना

शेल्टरमध्ये येणाऱ्या पिल्लांना आणि माणसाळलेल्या मांजरांना घर मिळणे तुलनेने सोपे असते. पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात, बहुधा शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या ट्रेमध्येच, अंग आक्रसून बसलेल्या आणि कोणी जवळ आले की फिस्कारणाऱ्या मोठ्या मांजराकडे मात्र लोक एकदा पाहतात आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळतात. अशा मांजराला घर शोधून देण्याचा, किंवा ते स्वतःच्या घरी आणण्याचा अनुभव ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी तो येथे सविस्तर लिहावा अशी विनंती आहे. नक्की काय केले, मांजर कोणाला दिले, कोणाला नाकारले आणि का, हे कळले तर इतरांना उपयोग होईल. घर मिळाले नाही, तर तोही अनुभव लिहावा. सुरुवात मीच करते.

ठाणे, शेल्टरमधील स्वयंसेविका

आमच्याकडे एक काळी, मध्यमवयीन मांजरी आली होती. तिला सांभाळणाऱ्या आजी वारल्या आणि नातेवाइकांनी फ्लॅट रिकामा करताना तिला आमच्या स्वाधीन केले. आयुष्यभर गादीवर झोपलेली ही मांजरी पिंजऱ्यात मात्र रानटी असल्यासारखी वागू लागली. कान मागे चिकटलेले, डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण विस्फारलेल्या, आणि माणूस समोर असेपर्यंत अन्नाला तोंड लावायचे नाही. मांजरांची माणसाशी ओळख होण्याचा काळ साधारणपणे वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातला असतो आणि त्या काळात माणसाचा हातच न लागलेले मांजर पुढे घरात रमणे अवघड असते, हे खरे आहे. परंतु शेल्टरमधल्या वागण्यावरून एखादे मांजर त्या गटातले आहे की केवळ हादरलेले आहे हे ठरवता येत नाही. कुत्र्यांचे भुंकणे, फिनेलचा वास आणि शेजारच्या पिंजऱ्यातला अनोळखी बोका इतक्या गोष्टी एकदम अंगावर आल्या, तर लाडावलेले मांजरही असेच वागते.

आम्ही तिच्या पिंजऱ्यात पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवले. नेदरलँड्समधील युट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या मांजरांवर हाच प्रयोग केला होता आणि लपायला खोके मिळालेल्या मांजरांचा ताण पहिल्या काही दिवसांत इतरांपेक्षा लवकर उतरला होता. लपू दिले तर मांजर कायमचे लपून राहील, अशी भीती आमच्याकडच्या काही जणांना वाटत होती. प्रत्यक्षात खोके मिळाल्यावरच ती दिवसा जेवू लागली. त्यानंतर तिला एका फॉस्टरच्या, म्हणजे कायमचे घर मिळेपर्यंत मांजर तात्पुरते सांभाळणाऱ्याच्या घरी, एका लहान खोलीत हलवले. तेथे ती पलंगाखालून बाहेर आली, खिडकीत बसू लागली, आणि मगच आम्हाला तिचा खरा स्वभाव कळला.

जाहिरातीबद्दल माझे मत ठाम आहे. ‘थोडी लाजाळू, पण खूप प्रेमळ’ असे लिहू नये. आम्ही लिहिले की ती पहिले कित्येक दिवस दिसणारही नाही, उचललेले तिला चालणार नाही आणि मांडीवर येईलच याची खात्री नाही. फोन कमी आले, पण जे आले ते कामाचे होते. काळी मांजर आडवी गेली तर काय, असे विचारणाऱ्यांना तेथेच निरोप दिला. मुलांना खेळायला हवी आहे, असे सांगणाऱ्या घरांना दुसरे मांजर सुचवले. शेवटी आम्ही ती रात्रपाळी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या एका तरुणाला दिली, कारण सगळ्यांमध्ये त्यानेच विचारले होते की, ती लपली तर मी तिला बाहेर काढायचे की नाही. काढायचे नाही, असे सांगितल्यावर त्याने समाधानाने मान डोलावली. आता ती त्याच्या पायाशी झोपते. पाहुणे आले की मात्र अजूनही कपाटावर जाते.

डोंबिवली, मांजर घरी आणणारी

ठाण्याच्या ताईंचे जवळपास सगळे पटले, परंतु बुजऱ्या मांजरासाठी शेल्टर ‘शांत घर’ अशी जी अट घालतात, ती आमच्यासारख्यांना घाबरवते. आम्ही वन बीएचकेमध्ये पाच जण राहतो, सकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि संध्याकाळी टीव्ही ठरलेला असतो. एका शेल्टरने या एका कारणावरून आम्हाला नकार दिला, दुसऱ्याने विश्वास ठेवला.

आमच्या अनुभवानुसार घर शांत असण्यापेक्षा घरातले आवाज रोजचे आणि ठरलेल्या वेळचे असणे महत्त्वाचे ठरले. बोक्याला जागा दिली ती स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर. सामान एका बाजूला सरकवून तेथे जुनी गोधडी पसरली, चढण्यासाठी कपाट आणि फळी अशी वाट करून दिली, आणि माळ्याकडे कोणीही हात घालायचा नाही असा नियम सासूबाईंनीच घालून दिला, ज्यांचा मांजर आणायला सर्वांत जास्त विरोध होता. वरून सगळे घर दिसते आणि आपल्यापर्यंत कोणी पोहोचत नाही, एवढे त्याला पुरले. जेवणाची ताटली आधी माळ्यावर, मग कपाटावर, मग ओट्याजवळ, अशी हळूहळू खाली आणली. उकडलेल्या चिकनच्या वासाने त्याचे धैर्य वाढले, दुधाने नव्हे. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही आणि त्याचेही पोट बिघडले होते. माझ्या नवऱ्याने लांब दांड्याच्या चमच्याने भरवण्याची युक्ती काढली. हात दूर राहतो, पण वास माणसाचा येतो.

एक गोष्ट मात्र सोडू नये. मांजर घरात येण्याआधीच सर्व खिडक्यांना जाळी बसवून घ्यावी. घाबरलेले मांजर उंचीचा विचार करत नाही.

कोल्हापूर, पशुवैद्य

वरील दोन्ही अनुभव चांगले आहेत. मी केवळ वैद्यकीय बाजू लिहितो.

‘घाबरली आहे, म्हणून खात नाही, खाईल हळूहळू’ हे वाक्य मी फार ऐकतो. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि तो आजार जिवावर बेतू शकतो. लठ्ठ मांजरांना हा धोका अधिक असतो. त्यामुळे लपलेल्या मांजराला एकटे सोडावे, पण ताटलीतले अन्न आणि ट्रेमधली माती रोज पाहावी. दुसरे म्हणजे, प्रत्येक फिस्कारणे भीतीचे नसते. हिरड्यांची सूज, सडलेला दात किंवा जुनी दुखापत असलेले मांजरही हात लावू देत नाही आणि दात काढल्यावर ‘स्वभाव बदलला’ अशी मालक मंडळी नवलाने सांगत येतात. दत्तक देण्याआधी तपासणी, लसीकरण आणि निर्बीजीकरण व्हावे. दवाखान्यात आणताना फार बिथरणाऱ्या मांजरासाठी आधी देण्याचे औषध असते. ते डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

मांजर चावले किंवा ओरखडले, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जावे. घरातले मांजर आहे, म्हणून टाळू नये. मांजर धरताना चावा अंगावर घेण्यापेक्षा जाड टॉवेल वापरावा, आणि वरून उघडणारा कॅरियर (मांजर नेण्याची पेटी) असेल तर तोच घ्यावा, म्हणजे मांजराला ओढून बाहेर काढावे लागत नाही.

लेस्टर, इंग्लंड

येथे मांजरांसाठी काम करणाऱ्या संस्थांमध्ये कॅट्स प्रोटेक्शन ही 1927 पासूनची संस्था आहे आणि आमची मांजरी आम्ही तिच्याकडूनच घेतली. पाहायला गेलो तेव्हा मांजरी दिसलीच नाही, दिसली ती लपण्याच्या कप्प्यातून बाहेर आलेली एक शेपटी. आम्ही मुलांविना राहतो, दोघांपैकी एक जण घरून काम करतो, आणि मांजर मांडीवर बसलेच पाहिजे अशी आमची अपेक्षा नव्हती, एवढ्यावर त्यांनी आम्हाला तिचे नाव सुचवले होते. निवड आम्ही केली नाही, त्यांनी जुळवून दिली. भारतात मात्र अनेक ठिकाणी लोक पिंजऱ्यांसमोरून फिरून मांजर पसंत करतात, आणि त्या पद्धतीत बुजरे मांजर नेहमीच मागे पडणार, असे मला वाटते.

पहिले तीन-चार आठवडे तिला बाहेर सोडायचे नाही, असे बजावून सांगितले होते. इंग्लंडमध्ये 10 जून 2024 पासून पाळीव मांजरांना मायक्रोचिप (मालकाची ओळख पटवणारी, त्वचेखाली बसवलेली चिप) असणे कायद्याने बंधनकारक झाले आहे, त्यामुळे नोंदणी आमच्या नावावर करून घेण्याचे कामही लगेच उरकले. तिच्याजवळ बसताना मी तिच्याकडे रोखून न पाहता डोळे सावकाश मिटून उघडत असे. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवून दिले की असे केल्यास मांजरेही तसाच प्रतिसाद देतात आणि अनोळखी माणसाजवळ येण्यास अधिक तयार होतात. मला हा प्रकार आधी भाबडा वाटला होता. आमच्या मांजरीने उत्तर द्यायला बराच काळ घेतला, पण दिले.

सिंधुदुर्ग, आंबा बागायतदार

मुंबईच्या एका फीडर, म्हणजे रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या बाईंनी विचारले, म्हणून आम्ही दोन मांजरे घेतली. दोन्ही रस्त्यावर वाढलेली, निर्बीजीकरण झालेली आणि माणसापासून चार हात दूर राहणारी. घरात बसून राहण्यासारखी ती नव्हती आणि आम्हालाही भाताच्या कणगीजवळ उंदीर नको होते. दोघे एकमेकांना धरून असत, म्हणून एकट्याला नेऊ नका ही बाईंची अट होती, ती योग्यच होती.

अशी मांजरे आणल्या आणल्या मोकळी सोडली तर ती जुन्या जागेच्या शोधात निघून जातात, हे गावात अनेकदा पाहिले आहे. आम्ही त्यांना पडवीलगतच्या कोठीत जाळीचे दार लावून काही आठवडे ठेवले, जेवण रोज एकाच वेळी आणि एकाच हाकेने दिले. सुका जवळा भातात कालवला की हाकेचीही गरज उरत नसे. मोकळे केल्यावरही ती तिन्हीसांजेला परत येतात, आणि रात्री कोठी बंद करावीच लागते, कारण आमच्या भागात बिबट्या येतो आणि वाडीतली कुत्रीही मांजराला सोडत नाहीत. ज्यांना ‘गावी सोडले की मजेत राहील’ असे वाटते, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

याला जोडून एक तक्रार नोंदवतो. मांजर पोत्यात घालून मासळी बाजारात सोडले की त्याचे पोट भरते, असे शहाणी माणसेही मानतात. तेथे आधीच ठाण मांडून बसलेले बोके नव्या मांजराला टिकू देत नाहीत. पाळलेल्या जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे.

नागपूर, फॉस्टर

घर न मिळालेल्या मांजराविषयी लिहिण्याची सूट दिली, म्हणून लिहिते. माझ्याकडील राखाडी मांजरी दोन घरांतून परत आली. पहिल्या घरात तिला रोज बाहेर काढून मांडीवर बसवले जाई, ‘सवय व्हावी’ म्हणून. दुसऱ्या घराने सगळे नीट केले, तरीही ती रात्रभर दाराशी ओरडत राहिली आणि त्या कुटुंबाला मी दोष देणार नाही. परत आल्यावर ती माझ्या इतर मांजरांच्या खोलीत पहिल्याच संध्याकाळी निवांत झोपली. तिला माणूस नको होता, मांजरे हवी होती. काही बुजऱ्या मांजरांसाठी घरातले आधीचे शांत, मनमिळाऊ मांजर हाच खरा आधार असतो, म्हणून आता मी तिच्यासाठी एकुलते मांजर म्हणून पाळू इच्छिणारे घर शोधतच नाही.

आणि पूर्णपणे रस्त्यावरच वाढलेल्या, निरोगी मोठ्या मांजराला शेल्टरमध्ये आणावेच का, हा प्रश्न मला पडतो. निर्बीजीकरण करून, खुणेसाठी कानाचे टोक कापून, जेथून पकडले तेथेच सोडले आणि तेथे खाऊ घालणारे कोणी असले, तर ते त्याच्यावर अन्याय करणे नव्हे.

पुणे, सध्या घर शोधत आहे

वरील सर्व वाचून मी माझ्याकडच्या मांजरीची जाहिरात पुन्हा लिहिली. एका उत्सुक कुटुंबाच्या सोसायटीने पाळीव प्राण्यांना बंदी असल्याचे सांगितले होते, त्यांना भारतीय पशू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना दाखवल्या. सोसायटीला अशी सरसकट बंदी घालता येत नाही. तरी पदाधिकाऱ्यांशी रोज भांडत मांजर सांभाळणे त्यांना नको वाटले, म्हणून शोध चालू आहे. फटाक्यांचे दिवस संपेपर्यंत मी तिला कोठेही हलवणार नाही, दिवाळीनंतरच देईन.

जाहिरात अशी: करड्या पट्ट्यांची मांजरी, वय अंदाजे तीन वर्षे, निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेले. ट्रेचा वापर नीट करते. नव्या माणसाला पाहून पलंगाखाली जाते आणि जेवणासाठी रात्रीच बाहेर येते. ओळखीच्या माणसाच्या हातून चमच्याने खाते, हनुवटीखाली खाजवू देते, उचलू देत नाही. सुरुवातीला एक स्वतंत्र खोली किंवा बंद करता येईल असा कोपरा हवा, खिडक्यांना जाळी हवी. घरात आधीचे शांत मांजर असल्यास उत्तम. कुत्रा किंवा लहान मुले असलेल्या घरांनी कृपया दुसऱ्या मांजराचा विचार करावा.