व्हीआर गेममध्ये पोफळीवरून पोफळीवर जायचंय: कॅमेरा कुठे ठेवू?

आगरातला

नमस्कार मंडळी. मी गुहागरचा, खालच्या पाटातला. अकरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काढली, बाबा गेल्यावर आगर, म्हणजे आमची पोफळीची (सुपारीची) बाग, बघायला घरी आलो. दिवसा आगराचं काम असतं. रात्री जेवणं झाली की पडवीत लॅपटॉप उघडतो आणि एक व्हीआर गेम बनवतो, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आपण आतच आहोत असं वाटणारा. दोन वर्षं झाली. गेम बनवायला युनिटी हे सॉफ्टवेअर वापरतोय, हेडसेट क्वेस्ट २ आहे.

गेम थर्ड पर्सन प्लॅटफॉर्मर आहे. नायक आपल्यासमोर दिसतो, आपण त्याला उड्या मारायला लावत पुढे न्यायचं. तो पोफळी काढणारा पोरगा आहे. गडग्यावरून उडी, पर्‍यावरचा साकव, रहाटाच्या फिरत्या लोट्यांवर पाय देत वर, हे सगळं जमलंय. गेमचा खरा जीव मात्र वर शेंड्यात आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो: आमच्याकडे पोफळी काढणारा माणूस एका झाडावर चढला की दर झाडाला खाली उतरत नाही. अंगाच्या वजनाने शेंडा झोकात घेतो, शेजारच्या पोफळीला हात घालतो आणि तिच्यावर जातो. लहानपणी मी मान वर करून हे तासन्‌तास पाहिलंय. आमच्या आगरात येणारे काका एका दमात दहा-बारा झाडं करायचे. आता त्यांचे गुडघे गेले. नवीन पोरं या कामाला येत नाहीत. हे दृश्य कुठेतरी राहावं, हातात घेऊन खेळता यावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

परवा काकांनाच हेडसेट लावून दिला. साकवापर्यंत हसत होते. शेंड्यावर गेल्यावर चौथ्या मिनिटाला त्यांनी तो काढला आणि ओटीच्या खांबाला धरून बसले. घाम फुटला होता. आईने लिंबाचं सरबत दिलं. थोड्या वेळाने म्हणाले, "झाडावर असताना झाड हालतं ते माझ्या अंगाला कळतं. इथं काय हालतंय, झाड की मी, तेच कळत नाय."

तेव्हापासून मला हे वाक्य सोडत नाही. कॅमेरा नायकाच्या मागे दोन मीटरवर बांधलाय. नायक झोका घेतो तेव्हा तोही झोका घेतो, नायक वळला की वळतो. साध्या पडद्यावर फार छान दिसतं. कडेने काळं करून दृश्य आकसून पाहिलं. त्रास जरा कमी होतो, पण झावळ्या दिसेनाशा होतात, आणि मग शेंड्यावर जाण्यात काय राहिलं? त्यात आगर दाट असल्यामुळे फ्रेमरेटही (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ५०च्या घरात येतो. कोणी असं काही केलंय का?

चिपळूणची_पुण्यात

काकांनी दुखणं नेमकं पकडलंय. आपल्याला तोल कळतो तो मुख्यतः डोळ्यांनी आणि कानाच्या आतल्या भागाने मिळून. तुमच्या गेममध्ये डोळे सांगतात झोका चाललाय, कान सांगतो तू खुर्चीत स्वस्थ बसलायस. त्यातून मळमळ होते. एकसारख्या वेगाने सरळ जाणं बहुतेकांना चालतं. वेग वाढणं-कमी होणं आणि वळणं सोसत नाही. झोक्यात ही दोन्ही सतत असतात, म्हणजे सर्वांत वाईट तेच तुम्ही कॅमेर्‍याला दिलंय. नायकाला हवा तेवढा झुलवा, कॅमेर्‍याला अजिबात झुलवू नका. व्हीआरमध्ये कॅमेरा म्हणजे खेळणार्‍याचं डोकं. ते आपण हलवायचं नसतं.

तीन गेम नीट बघा. २०१६ मध्ये रिफ्ट या हेडसेटसोबत आलेला लकीज टेल: कॅमेरा नायकामागे येतो, पण सावकाश. २०१८ चा अ‍ॅस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन: कॅमेरा पुढेच सरकतो, मागे येत नाही, आणि कोपर्‍यामागे काय दडलंय ते बघायला खेळणार्‍याला स्वतः मान वाकवावी लागते. एकेका लेव्हलमध्ये आठ छोटे बॉट लपवलेत, ते असे वाकून शोधायचे. आणि त्याच वर्षीचा मॉस. माझा सर्वांत लाडका. त्यात क्विल नावाची चिमुकली उंदरीण आहे. प्रत्येक जागा टेबलावर मांडलेल्या देखाव्यासारखी स्थिर असते. ती कडेला गेली की दृश्य काळं होतं आणि पुढचा देखावा उघडतो. आपण त्या जगात हात घालून दगड सरकवतो, तिला हातात धरून बरं करतो. ती आपल्याकडे बघून अमेरिकन खुणांच्या भाषेत बोलते. माझी धाकटी बहीण ऐकू शकत नाही. क्विलचे हात हलताना पाहून ती जागची उठून उभी राहिली होती. आपल्याकडच्या खुणा वेगळ्या आहेत, तरी हे बोलणं आहे हे तिला लगेच समजलं.

तुमच्या आगराला मॉसची पद्धत शोभेल असं मला मनापासून वाटतं. हिशोब करा. पोफळ १५ मीटर धरली आणि जग बाराव्या हिश्श्याने लहान केलं, तर शेंडा सव्वा मीटरवर येतो. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर! नायक वीतभरापेक्षा लहान होईल. त्यासाठी झाडं लहान करत बसू नका, कॅमेर्‍याची रिग, म्हणजे गेममध्ये कॅमेरा ज्यावर बसवलेला असतो तो सांगाडा, बारापट मोठी करा. दोन डोळ्यांतलं साधारण ६३ मिलिमीटर अंतरही बारापट होतं, म्हणून मेंदूला सगळं खेळण्याएवढं वाटतं. फक्त काहीही डोळ्यांपासून अर्ध्या मीटरच्या आत आणू नका, नजर ताणली जाते.

हर्णै_बंदर

गेमातलं मला काय कळत नाही, भाच्याने हा धागा दाखवला. सध्या मासेमारीला बंदी आहे, बोटी वर ओढल्यात, म्हणून वेळ आहे. पण बोट लागणं मला कळतं, तीस वर्षं समुद्रात काढलीत.

नवा पोरगा बोटीवर आला की त्याला बोट लागतेच. खाली जाळ्याकडे बघत बसला की जास्त. केबिनमध्ये जाऊन बसला तर विचारूच नका. आम्ही त्याला बोटीच्या मध्यावर बसवतो, तिथे हेलकावा कमी. आणि सांगतो, किनार्‍याकडे बघ, डोंगर बघ. डोंगर हलत नाही. एक वस्तू जागची हलत नाही हे डोळ्याला दिसलं की पोट ताळ्यावर येतं. तुमच्या गेममध्ये झाडंच झाडं आहेत, सगळीच डुलणारी. त्या काकांना न हलणारं काय दिसत होतं?

आणखी एक. सुकाणू धरलेल्याला बोट सहसा लागत नाही, बाजूला बसलेल्याला लागते. ज्याच्या हातात आहे त्याला पुढची लाट आधीच ठाऊक असते.

चिपळूणची_पुण्यात

हर्णैचे दादा, आम्ही हे पुस्तकं वाचून शिकलो आणि तुम्ही चार ओळींत सांगितलंत. तुमच्याकडे उलटं होतं, कान सांगतो हलतंय आणि केबिनमध्ये डोळे सांगतात स्थिर आहे. भांडण तेच.

कमी_ट्रँगल

फ्रेमरेटचं बघा आधी. क्वेस्ट २ वर ७२ च्या खाली जाऊन चालणार नाही, म्हणजे एका फ्रेमला १३.९ मिलिसेकंद. झावळ्या पारदर्शक टेक्स्चरच्या पट्ट्यांवर केल्या असाव्यात असा माझा अंदाज. मोबाइलच्या चिपला तेच जड जातं, एकावर एक दहा थर रंगवत बसते. झावळीची पाती खर्‍या जाळीत, म्हणजे त्रिकोणांच्या आकारात, कापा. त्रिकोण वाढले तरी चालतील. सावल्या आधीच भाजून ठेवा, म्हणजे खेळताना मोजाव्या लागू नयेत म्हणून चित्रातच रंगवून ठेवा. एक सावली मात्र चालू ठेवा: उडी मारताना नायकाच्या बरोबर खाली पडणारा काळा ठिपका. दोन डोळ्यांनी खोली कळत असली तरी लांबच्या फांदीचा अंदाज चुकतो, तो ठिपका पाय कुठे पडणार ते सांगतो. आणि कड सुटल्यानंतरही काही फ्रेम उडीचं बटण चालू द्या.

आगरातला

तीन आठवड्यांनी लिहितोय. मध्ये आगरात दोन पोफळी पडल्या, तो व्याप होता.

कॅमेरा सोडवला. आता खेळणारा आमच्याच पडवीच्या कठड्यावर बसलेला असतो. कठडा आणि खालची जांभ्याची पायरी कायम डोळ्यांच्या टोकाला दिसते, आणि पोफळींच्या फटीतून समुद्राची सरळ रेघ. हर्णैच्या दादांचा डोंगर मी असा आणला. दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असं होतं. पहिल्या आवृत्तीत काकांना न हलणारं काहीच दिसत नव्हतं.

सुकाणूची गोष्टही घेतली. पूर्वी बटण दाबलं की झोका आपोआप व्हायचा. आता खेळणार्‍याने हात पुढे करून शेंडा धरायचा आणि स्वतः खेचायचा. जेवढा खेचाल तेवढा वाकतो, सोडलात की पोरगा पलीकडे. एका भागातून दुसर्‍या भागात जाताना अंधार आणि मग नवा देखावा. झावळ्या कापून काढल्या, चार रात्री गेल्या, पण ७२ फ्रेम टिकतात.

एक भाग नव्याने सुचलाय. काशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब. जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात. पोरगा त्या रेघांवरून धावेल, त्याला काही कळणार नाही. वरून बघणार्‍या खेळाडूला हत्ती दिसेल आणि तो त्याला वाट दाखवेल. कॅमेरा नायकाच्या पाठीला बांधलेला असता तर हे मला कधी सुचलंच नसतं.

काल काकांना परत बसवलं. या वेळी मी खांबाजवळच खुर्ची ठेवली होती. पंचवीस मिनिटं खेळले. घाम नाही, काही नाही. मध्येच एक हात वर करून, तिथे नसलेला शेंडा खर्‍यासारखा ओढत होते, आणि तोंडाने "ये, ये" म्हणत होते, झाडाला म्हणायचे तसंच. हेडसेट काढल्यावर पहिलं वाक्य: "तो पोरगा घड नुसता खाली टाकतो. असा टाकला तर पोफळं फुटतात. दोरीने सोडायला शिकव त्याला."

आज रात्री ते करायला घेतोय. युनिटीत लांब दोरी क्वेस्टवर न अडखळता चालवायची साधी पद्धत कोणाला माहीत असेल तर सांगा.