आबाजींच्या डायरीत प्रत्येक पानावर ११२: लिबरेटर विमानाशी काही संबंध आहे का?

धानाची_बांधी (आमगावजवळ, जि. गोंदिया)

नमस्कार मंडळी. घट बसायच्या आधी घर सारवायला काढलं तेव्हा माळ्यावरून आबाजींची लोखंडी पेटी उतरवली. ते जाऊन दहा वर्षं झाली. पेटीला कोणी हात लावला नव्हता.

आबाजी म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. १९५१ साली हवाई दलात भरती झाले. इंजिन फिटर होते. नोकरी बहुतेक पुण्याला, लोहगावला. १९६८ संपता संपता कायमचे गावी आले आणि पुढं आयुष्यभर धानच केला. गावात सगळे त्यांना ‘विमानवाले बुवा’ म्हणत. ते मात्र एवढंच सांगायचे, ‘आमच्याकडं लिबरेटर होती. चार इंजिनाची. लय तेल गाळे.’ शेवटच्या वर्षांत अंगणात बाज टाकून पडायचे. बिरसीच्या विमानतळावर उडायला शिकणाऱ्या पोरांची छोटी विमानं वरून गेली की डोळे मिटून आवाज ऐकत बसायचे.

पेटीत तीन वस्तू निघाल्या. एक पक्कड, तिच्या मागं ओढायची मूठ आहे आणि ओढली की अख्खी पक्कड गोल फिरते. खाकी कपड्यात गुंडाळलेला एक प्लग, मोटरसायकलच्या प्लगच्या दुप्पट, वरच्या टोकालाही आटे असलेला. आणि काळ्या पुठ्ठ्याची डायरी.

डायरीच्या प्रत्येक पानावर तारीख, ‘एचई’ लिहून एक नंबर, इंजिन एक ते चार अशा ओळी आणि तळाशी ११२, पुढं बरोबरची खूण. असं पानापानांवर आहे. एका पानावर ‘एचई ८०’ इतकंच वाचता येतं, पुढचा आकडा वाळवीनं खाल्ला. शेवटच्या पानावर मात्र १११ आहे आणि खूण नाही. भाचा म्हणाला, ११२ तर पोलिसांचा नंबर आहे. पण तेव्हा कुठला आला तो?

अजून एक. बोडीवरचं डिझेल इंजिन चालू करायच्या आधी आबाजी त्याचं चाक हातानं सावकाश चार-पाच वेळा फिरवायचे. वडिलांनी एकदम हँडल मारलं की ओरडायचे, ‘आधी फिरवून पाह्य, आत काय साचलं हाय तुले काय माहीत?’ हे विमानातूनच आलं असेल का?

आणि खरा प्रश्न माझ्या मुलीचा. ती नववीत आहे. तिनं विचारलं, ‘आई, हे बॉम्ब टाकायचं विमान होतं ना? मग पणजोबांनी कोणाला मारलं का?’ मला उत्तर देता आलं नाही.

तुमसर_ते_खडगपूर

११२ चं मला सांगता येणार नाही, पण बॉम्बर म्हटलं की आमची खडगपूरची आयआयटी आठवते. हिजलीला जिथं इंग्रजांनी क्रांतिकारकांना डांबलं होतं, त्याच जुन्या इमारतीत युद्धाच्या काळात अमेरिकी बॉम्बर दलाचं ठाणं होतं. १९४४ मध्ये बी-२९ विमानं खडगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी अशा धावपट्ट्यांवरून उडत. जून १९४४ मध्ये त्यांची पहिली मोहीम बँकॉकवर गेली ती इथूनच. मी चार वर्षं त्या इमारतीसमोरून सायकलनं गेलो आणि हे कळलं शेवटच्या वर्षी. पेटी जपा ताई.

निवृत्त_फिटर_नागपूर

बेटा, ११२ वाचलं आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

लिबरेटरला प्रॅट अँड व्हिटनीची ट्विन वास्प इंजिनं असत, एकेक १२०० अश्वशक्तीचं. एका इंजिनात १४ सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगा, बंडीच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या गोल मांडलेल्या. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. चौदा दुणे अठ्ठावीस, अठ्ठावीस चोक एकशे बारा. एका विमानाचे सगळे प्लग काढले, साफ केले, फट मोजली, परत बसवले आणि मोजणी जुळली, म्हणजे ११२ आणि पुढं खूण. एक प्लग ढिला राहिला आणि समुद्रावर इंजिन अडखळलं, तर वर बसलेल्यांचं काय होईल हे त्या माणसाला माहीत होतं. म्हणून रोज तळाशी आकडा लिहायचा.

मी १९७४ ला भरती झालो. लिबरेटरवर माझा हात लागला नाही, पण मला शिकवणारे सार्जंट त्याच विमानावर घडलेले. तुझी ती फिरणारी पक्कड लॉकिंग वायर पिळायची. नट सैल होऊ नये म्हणून त्यातून तार ओवून पिळतात. आणि चाक हातानं फिरवायची सवय? शंभर टक्के तिथलीच. गोल इंजिन बंद असलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच चालू केलं तर दट्ट्याला ते तेल दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून सकाळी माणसं पंख्याची पाती हातानं ओढून इंजिन फिरवत. पात अडली तर थांबायचं, खालचे प्लग काढायचे, तेल सोडायचं. डिझेल पंपाला याची तेवढी गरज नसते, पण हाताला लागलेली सवय हातातच राहते.

आता ही विमानं आली कुठून ते मुलीला नक्की सांग. महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरच्या डेपोत लिबरेटरांची रांगच्या रांग टाकून दिलेली होती. परत वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडलेली. पत्र्यांना भोकं पाडलेली, उपकरणं फोडलेली, इंजिनांत वाळू घातलेली. स्वतंत्र भारताला मोठं बॉम्बर हवं होतं आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं कानपूरला गेली. या विमानाचं चाक, त्या विमानाचं सुकाणू असं करत एकेक यंत्र उडण्याइतपत उभं केलं. जमशेद मुन्शी नावाच्या टेस्ट पायलटनं ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली. तिथं पुरती दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या वर विमानं जगली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाच्या पाचव्या स्क्वाड्रनला, म्हणजे तुकडीला, पहिली मिळाली. मला विचारशील तर आपल्या देशातल्या कारागिरीच्या इतिहासात हे काम पहिल्या पानावर हवं, आणि शाळेच्या पुस्तकात त्याची एक ओळ नाही.

१९५७ ला पाचव्या स्क्वाड्रनकडं लिबरेटरच्या जागी कॅनबेरा हे जेट बॉम्बर आलं. त्यापुढं १९६८ पर्यंत लिबरेटर सांभाळली, म्हणजे तुझे आबाजी पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनमध्ये असणार. तिचं काम समुद्रावर दूरवर गस्त घालायचं. ३१ डिसेंबर १९६८ ला लिबरेटर सेवेतून गेली.

१११ बद्दल माझा अंदाज सांगतो. तुझ्या खाकी कपड्यातला तो ११२ वा. शेवटच्या विमानाचा.

एक सांगायचं राहिलं. जगात इतरत्र लिबरेटर भंगारात वितळली होती, आपल्याकडं चालू होती. म्हणून बाहेरची संग्रहालयं आपल्याकडं आली. एचई ८०७ क्रमांकाचं आपलं विमान १९७४ मध्ये उडत इंग्लंडला गेलं आणि रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात उभं आहे. तुझा वाळवीनं खाल्लेला आकडा सात होता असं मी म्हणणार नाही.

भद्रावतीचे_मास्तर

फिटरकाकांनी यंत्राचं सांगितलं. मी मुलीच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण तो प्रश्न टाळून पुढं जाऊ नये.

पुण्याच्या लिबरेटरनं समुद्र राखला हे खरं. पण हे यंत्र त्यासाठी बनलं नव्हतं. युद्धात अशी १८,००० च्या वर बनली. एका विमानात दहा माणसं, बहुतेक विशी-बाविशीची. बाजूच्या बंदूकवाल्यांच्या खिडक्या उघड्या, वर इतकी थंडी की उघडं बोट बंदुकीच्या लोखंडाला चिकटायचं. पुढून मागं जायचं तर बॉम्बच्या कप्प्यातून जेमतेम वीतभर रुंद फळीवरून, धुऱ्यावरून चालल्यासारखं. आपल्या बंगालमधल्या डिगरीहून १५९ क्रमांकाची ब्रिटिश स्क्वाड्रन अशीच लिबरेटर घेऊन ब्रह्मदेश, सयाम म्हणजे थायलंडपर्यंत जायची. ऑक्टोबर १९४४ मध्ये तर पेनांगच्या बंदरात सुरुंग टाकून परत आली.

युरोपात ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० उडणाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले. दहा गेले तर चार-पाच कायमचे गेले. त्या दलात आपलेही होते. शैलेंद्र एकनाथ सुखठणकर नावाचा नॅव्हिगेटर लँकेस्टर विमानातून जर्मनीवर जायचा. आणि खाली काय झालं? १९४३ च्या जुलैत हॅम्बुर्ग जळालं, पस्तीस हजारांच्या वर माणसं गेली. मार्च १९४५ मध्ये एका रात्रीत टोकियोत लाखाच्या आसपास. त्यात बायका, पोरं, म्हातारे.

म्हणूनच लंडनमध्ये बॉम्बर कमांडचं मोठं स्मारक उभं राहायला २०१२ उजाडलं. त्यावर विमानातल्यांबरोबर बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचाही उल्लेख कोरला आहे. मला ते योग्य वाटतं. मी वर्गात विमानात मेलेल्यांचे आणि खाली मेलेल्यांचे असे दोन्ही आकडे एकाच फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो आणि मुलांना थोडा वेळ नुसतं पाहू देतो.

मुलीला सांगा, पणजोबांनी कोणाला मारलं नाही. जाळण्यासाठी बनलेली आणि मग मोडून टाकलेली यंत्रं त्यांनी दुसऱ्या कामासाठी चालती ठेवली. पण ती आधी कशासाठी बनली, तेही तिला त्याच दिवशी सांगा. कधी पुण्याला गेलात तर खडकीची युद्ध स्मशानभूमी दाखवा. पश्चिम आणि मध्य भारतातल्या महायुद्धाच्या कबरी तिथं एकत्र आणल्या आहेत. दगडांवरची वयं वाचायला लावा.

धानाची_बांधी

सगळ्यांना हात जोडते. काल रात्री काकांचं उत्तर घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. चौदा दुणे अठ्ठावीस आलं तेव्हा वडील उठून बाहेर गेले, बराच वेळ ओसरीत उभे होते. मग आत येऊन डायरीचं पान पान मोजत बसले. ११२ असं एकंदर २०३ वेळा लिहिलंय.

मुलीनं मास्तरांचे दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले. ती म्हणते, खडकीला जायचंच. धानाची कापणी उरकली की नेते.

आईनं एक नवीनच सांगितलं. दसऱ्याला नांगर-विळे पुजायचे तेव्हा आबाजी हा प्लगही पाटावर मांडायचे. सगळ्यांना वाटायचं की पंपाचा असेल. ते गेल्यावर ती पूजा कोणाच्या ध्यानात राहिली नाही. या दसऱ्याला मांडणार आहे. काका, हळदकुंकू लावलं तर धातूला काही होईल का? आणि त्यावरचं काळं घासून काढू का?

निवृत्त_फिटर_नागपूर

काळं अजिबात घासू नको. ती त्या इंजिनाची काजळी आहे, पन्नास वर्षांच्या वरची. हळदकुंकू कपड्याला लाव, प्लगला कोरड्या अक्षता वाहा. पूजा झाली की परत त्याच खाकीत गुंडाळून ठेव. डायरी कडुलिंबाच्या पाल्यात ठेव आणि आधी पानापानाचे फोटो काढून घे. डायरीत कुठं सेवा क्रमांक सापडला तर मला कळव. दिल्लीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करायचा ते मी लिहून देतो.